ओली भिंत, अठरा हजार आणि दिवाळी

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो. घर स्वतःचं, वन बीएचके, इमारत १९९१ची. घरात आम्ही दोघं, सासूबाई, बारा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी. यंदा पावसात हॉलच्या (दहा बाय चौदा) पश्चिमेच्या भिंतीला फुगे आले. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून पार खाली स्कर्टिंगपर्यंत पोपडे सुटलेत. छतालाही त्याच बाजूला पिवळट वर्तुळ उमटलंय. पेंटरने सगळ्या घराचे ५५ हजार सांगितले. आमच्याकडे १८ आहेत. मिस्टर म्हणतात, त्या भिंतीला पीव्हीसी पॅनेल ठोकू, बाकीचं पुढच्या वर्षी. मुलं ‘आम्हीच रंगवणार’ म्हणून मागे लागलीत आणि सासूबाईंचं म्हणणं, पोरं आहे तेही घालवतील. दिवाळीला सहा आठवडे आहेत. काय करू?

— एक वाचक, डोंबिवली

ताई,

तुम्हाला नको असलेलं आधी सांगून टाकते : ती पश्चिमेची भिंत या दिवाळीला रंगवायची नाही. पॅनेल तर अजिबात लावायचं नाही. बाकी तीन भिंती, छत, दिवे, बसायची जागा हे सगळं १८ हजारांत होतं, आणि मुलांना हाताशी घेऊन होतं. पण ओल्या भिंतीवर आता घातलेला प्रत्येक रुपया पुढच्या जुलैत पोपडा होऊन खाली पडेल.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला समजतं. पाहुणे यायचेत, भिंत दिसायला नको. पण पॅनेलचा गुण तेवढाच, की भिंत दिसत नाही. मागे पाणी झिरपतच राहतं, हवा लागत नाही म्हणून बुरशी धरते, झुरळांना आयती जागा होते. शिवाय पॅनेलसाठी आधीच भुसभुशीत झालेल्या गिलाव्यात भोकं पाडायची. वॉलपेपरची आणि पुट्टीचीही तीच गत. पुट्टी म्हणजे ओलीवरचं औषध अशी समजूत पेंटरच पसरवतात. पुट्टी भिंत गुळगुळीत करते, पाणी अडवत नाही.

आता पाणी येतंय कुठून? तुम्ही दोन खुणा लिहिल्यात आणि माझ्या मते त्या दोन वेगळ्या गळत्यांच्या आहेत. खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली उतरणारी ओल बहुतेक खिडकीची. छतावरचं वर्तुळ गच्चीचं.

खिडकीपासून सुरुवात करा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीत, म्हणजे ट्रॅकमध्ये, बाहेरच्या बाजूला बारीक चिरा किंवा भोकं असतात. पट्टीत साचलेलं पावसाचं पाणी त्यांतून बाहेर पडावं म्हणून ती ठेवलेली असतात. वर्षानुवर्षं धूळ, कबुतरांची पिसं, मेलेल्या माश्या बसून ती बुजतात. मग पट्टी भरते आणि पाणी आतल्या कडेवरून घरात उतरतं, थेट खालच्या गिलाव्यात. हे काम मुलीला द्या. तिचे हात लहान आहेत, तिलाच नीट जमेल. जुना दातांचा ब्रश, एक सुई आणि ओलं फडकं. पट्टी स्वच्छ झाली की पेलाभर पाणी हळूहळू ओतायला सांगा आणि सगळ्यांनी वाकून बघा. पाणी बाहेर निघून गेलं तर अर्धं दुखणं तिथेच संपलं. पाणी तसंच उभं राहिलं तर भोकं अजून बुजलेली आहेत. पट्टी रिकामी झाली पण बाहेर थेंब दिसला नाही, तर पाणी चौकटीखालच्या फटीतून भिंतीत जातंय. ती फट बाहेरून सिलिकॉन सीलंटने भरावी लागते. ते काम दोर बांधून लटकणाऱ्या माणसाचं. मिस्टरांनी खिडकीतून अर्धं बाहेर वाकून ते करायचं नाही, एवढं त्यांना माझ्याकडून सांगा. आणि हे सगळं होईपर्यंत खिडकीपाशी एक मोठं माणूस उभं हवं.

दुसरी एक सोपी परीक्षा आहे. स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा घ्या आणि भिंतीच्या बऱ्या दिसणाऱ्या भागावर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवस ठेवून काढा. भिंतीकडची बाजू ओली असेल तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूवर दव असेल तर ती घरातल्या वाफेची, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांची. फॉइल काढलंत की बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत जा. भरीव आवाज येतो तिथला गिलावा धरून आहे. बद्द, पोकळ आवाज येतो तिथला सुटलाय. मुलाच्या हातात खडू द्या, पोकळ भागाची हद्द त्याला आखू दे. भिंत तशीही विद्रूप झालीय, खडूने काय बिघडणार! ती आखलेली भिंत मोबाइलवर टिपून ठेवा, पुढे गवंड्याशी भाव करताना कामाला येईल.

गच्चीचं मात्र तुमच्या खिशातून करू नका. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची आणि बाहेरच्या भिंतींची गळती दुरुस्त करणं हे सोसायटीचं काम. सेक्रेटरींच्या कानावर जिन्यात घातलं ते नसल्यासारखंच समजा. लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. अर्जात ‘आमचं छत गळतंय’ एवढंच न लिहिता बाहेरच्या पश्चिम भिंतीच्या भेगांचाही उल्लेख करा, कारण एकदा परांची बांधली की दोन्ही कामं एकदम होतात आणि सोसायटीचाही खर्च वाचतो. वॉटरप्रूफिंग कोरड्या दिवसांतच नीट होतं. आज अर्ज दिलात तर काम डिसेंबर-जानेवारीत होईल अशी आशा धरता येते. त्यानंतर तुम्ही आतला पोकळ गिलावा फोडायचा, नवा करायचा, आठवडाभर पाणी मारायचं आणि रंगाआधी चार आठवडे वाळू द्यायचा. म्हणजे भिंतीचा रंग मार्चअखेर. हा हिशेब मिस्टरांना कॅलेंडर उघडून दाखवा. ‘पुढच्या वर्षी’ म्हणण्यापेक्षा महिना ठरलेला बरा.

तोवर दिवाळीचं काय? भिंतीचे सुटे पोपडे पत्रीने, म्हणजे पेंटरच्या चपट्या पात्याने, खरवडून काढा, कोरड्या ब्रशने झाडा आणि भिंत उघडी ठेवा. तिला लागून कपाट किंवा सोफा असेल तर अर्धा फूट पुढे ओढा. हे कुरूप दिसणार, मान्य. त्यावर माझा उपाय असा : एक पडदा. पण दुकानातला नाही. घरात चार-दोन जुन्या, मऊ झालेल्या सुती साड्या असतीलच. फिक्या रंगाची एक निवडा. छतापासून फूटभर खाली, भिंतीपासून तीन-चार इंच पुढे येईल असा पडद्याचा रॉड ब्रॅकेटवर लावा, दोन्ही टोकांना धडक्या गिलाव्यात, आणि साडी सोडा. मागे हवा खेळती राहील, आणि साडीला वास आला तर धुता येईल.

त्या साडीवर मुलांनी ठसे मारायचे. भेंडीचा देठाकडचा तुकडा कापला की फूल उमटतं, कोबीचा गड्डा अर्धा केला की झाड, कांद्याची वर्तुळं, बटाट्यावर सुरीने कोरली तर पणती. बटाटा मोठ्यांनी कोरायचा. कापडावरचे रंग बशीत पातळ थरात घ्यायचे आणि त्यावर स्पंजचा तुकडा ठेवायचा. ठसा स्पंजवर दाबला की रंग सारखा लागतो, थेट बशीत बुडवला की डाग पडतो. साडीखाली रद्दी पसरा, नाहीतर भेंडीची फुलं फरशीवर येतील. एक दिवस वाळू द्या, मग उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवा, रंग पक्का होतो. पहिली हातभर फुलं वाकडी येणार. ती बाजू खाली घ्या, सोफ्यामागे जाते. मुलांना द्यायचं काम असंच निवडा : बिघडलं तर फार काही जाणार नाही आणि जमलं तर घरात खरोखर वापरलं जाईल. ‘मुलांनी काहीतरी क्राफ्ट केलं’ म्हणून फ्रीजवर लावायचं आणि आठवड्यात काढायचं, याने त्यांचा उत्साह टिकत नाही. त्यांनाही कळतं.

आता रंग. तीन कोरड्या भिंती आणि छत, बस. बेडरूम-स्वयंपाकघर आत्ता नाही. आधी ओला तळवा भिंतीवर घासून बघा. पीठ हाताला आलं तर खाली जुना डिस्टेंपर, म्हणजे खडूसारखा स्वस्त रंग आहे, तो खरवडून-धुऊन काढल्याशिवाय वर इमल्शन (आजचा नेहमीचा, पाण्यात मिसळायचा रंग) टिकत नाही. हात स्वच्छ राहिला तर साबणाच्या पाण्याने भिंती पुसून, भेगा आणि खिळ्यांची भोकं पुट्टीने भरून, पॉलिश पेपरने घासून, पुट्टीच्या जागी प्रायमर लावून थेट रंगाला हात घालता येतो. यात पैसा वाचतो तो असा, की सगळ्या घराला दोन थर पुट्टी हा पेंटरच्या कोटेशनमधला मोठा आकडा असतो आणि धड भिंतीला तो लागत नाही.

किती रंग लागेल ते मुलाला काढू द्या. सहावी-सातवीचं क्षेत्रफळ आहे. चौकटीच्या वहीत हॉलचा नकाशा, टेपने मोजमाप. उंची साडेनऊ फूट धरली तर दोन आखूड भिंती आणि एक लांब मिळून ३२३ चौरस फूट. दारांचे साधारण ६० वजा केले की २६०च्या आसपास. बऱ्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांना साठ-सत्तर चौरस फूट पुरतो. म्हणजे चार लिटरचा डबा आणि हाताशी एक लिटर. छताला पांढरा वेगळा, दोन लिटर पुरे, कारण पिवळ्या वर्तुळाभोवतीची दोन-दोन फूट जागा सोडायची आहे. पांढऱ्याला पुढे ठिगळ लावलं तरी फारसं कळत नाही, रंगीत भिंतीवर लगेच कळतं. भिंतींच्या रंगाचे दोन्ही डबे एकाच वेळी, एकाच शेड नंबरचे मिळवून घ्या.

छत तुम्ही करू नका. मान मोडते आणि स्टुलावरून पडायची भीती वेगळीच. त्यासाठी पेंटरला एक दिवस रोजावर बोलवा, अंगावर, म्हणजे ठोक भावाने, देऊ नका. अंगावर दिलं की एका छतासाठी तो यायलाच कुरकुर करतो, किंवा सगळ्या घराचा भाव पुन्हा सुरू करतो. भिंती मात्र घरच्यांच्या. रोलरचा रंग जाळीवर निथळून घ्यायचा, भिंतीवर आधी तिरप्या रेघा मारून मग वरून खाली एकसारखा फिरवायचा. खालचे चार फूट मुलांचे, वरचे मोठ्यांचे, कडा आणि कोपरे ब्रशने आधी. पहिल्या आणि दुसऱ्या हातामध्ये चार तास जाऊ द्या. दाराच्या चौकटीवरची मास्किंग टेप रंग अर्धवट ओला असतानाच ओढायची, वाळल्यावर ओढली तर रंगाची साल निघते. मुलगा घाई करेल. त्याला सांगा, दुसरा हात सुरू केव्हा करायचा ते घड्याळ सांगणार, बाबा नाही.

एका गोष्टीत मात्र मुलं नकोत. १९९१च्या इमारतीतली खिडकीची ग्रिल आणि दारं ऑइलपेंटची असतील. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. तेव्हा ग्रिल कोरडी घासू नका. पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून घासा, चिखल कागदात गुंडाळून टाका, फरशी ओल्या फडक्याने पुसा, आणि तो अर्धा दिवस मुलांना मामाकडे पाठवा. वेळ नसेल तर ग्रिल राहू द्या.

दिव्यांवर थोडे पैसे घालाच. नव्या रंगावर तोच जुना चोकवाला ट्यूबलाइट लावला तर सगळी खोली दवाखान्यासारखी दिसते. दोन एलईडी बॅटन (ट्यूबसारखे लांब दिवे) आणि एका कोपऱ्यात पिवळसर उजेडाचा दिवा, खोक्यावर ३००० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेला. पिवळा दिवा पडद्याच्या बाजूच्या कोपऱ्यात ठेवा, साडीवरचे ठसे खुलतील. होल्डर-वायरिंगला हात लावायचा तर मेन स्विच बंद करून, नाहीतर इलेक्ट्रिशियन.

सासूबाईंचा विरोध माझ्या मते भिंतींवरून नाही. सहा आठवडे घरात पसारा होणार आणि त्यांना कुणी काही विचारलेलं नाही. त्यांचे गुडघे दुखत असतील तर खाली बसता येत नाही, आणि तुमच्या सोफ्यात एकदा रुतलं की उठवत नाही. त्यांच्यासाठी एक बैठक करा. माळ्यावर पत्र्याची ट्रंक असेलच, नसेल तर भंगारवाल्याकडे बघा. गंज घासून, रेड ऑक्साइड प्रायमर, मग इनॅमल रंगाचे दोन हात. नुसत्या झाकणावर माणूस बसला की पत्रा दबतो, म्हणून वर १८ मिलिमीटरची प्लायवूडची फळी मापाने कापून घ्या. लाकडाच्या दुकानात कापून देतात. खाली चार लाकडी ठोकळे, वर गादी, आणि गादीसकट उंची १८ इंच आली पाहिजे. गुडघेदुखीच्या माणसाला त्या उंचीवरून उठणं सोपं जातं. ट्रंक हलवून बघा, जराही डुगडुगत असेल तर ठोकळे स्क्रूने पक्के करा.

वरची गादी म्हणजे गोधडी. ती त्यांना करू द्या, नातीला शेजारी घेऊन. जुन्या साड्या, धोतर, चादरी यांचे थर जमिनीवर ताणून, कडेपासून आत धावदोरा घालत जायचा. सुईत दोरा ओवायला नात, टाके घालायला आजी. दिवाळीपर्यंत पुरी झाली नाही तरी चालेल, तोवर चादर घाला. पण रंगाच्या शेडबद्दलही त्यांना विचारा, आणि खरंच विचारा. निवड झाल्यावर दाखवायला नको.

मुलांना भिंतीवर चित्र काढायचंच असेल तर बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात दोन फुटांची कोरडी जागा गेरूच्या रंगाने रंगवा आणि त्यावर पांढऱ्याने वारली काढू द्या. पालघर जिल्हा २०१४ पर्यंत तुमच्याच ठाणे जिल्ह्यात होता, तेव्हा ही कला तुम्हाला परकी नाही. लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहीत. ती कागदावर आणून जगभर नेणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचं धड, बाकी काड्या. मात्र फ्लॅटमध्ये तांदळाचं पीठ नको, त्याला किडे लागतात. उरलेला पांढरा इमल्शनच घ्या. आणि दुकानातले वारलीचे स्टिकर तर नकोच नको. मुलांनी तारपा, म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, काढावा, नाहीतर फलाटावरची सकाळची गर्दी काढावी.

आकाशकंदिलाबद्दल फार सांगत नाही, डोंबिवलीत शिकवणारे गल्लोगल्ली भेटतील. कामट्या, दोरा, पतंगी कागद आणि मैद्याची खळ. पूर्वी खळीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. मुलं हाताळणार असतील तर घालू नका, ते विष आहे. आत एलईडीचा छोटा दिवा, म्हणजे कागद तापत नाही.

पैशांची वाटणी मी अशी करेन : रंग, पुट्टी, रोलर आणि पेंटरचा एक रोज मिळून सहा हजार. दिवे दोन हजार. ट्रंक, प्लायवूड, पडद्याचा रॉड आणि कापडाचे रंग यांना दोन हजार. पाच हजार पश्चिमेच्या भिंतीच्या गिलाव्यासाठी वेगळ्या पाकिटात, फेब्रुवारीपर्यंत हात न लावता. उरलेले तीन हजार असू द्या, सीलंट लावणारा माणूस त्यातून येईल आणि काहीतरी मोडेलच. डोंबिवलीतले आजचे दर दोन दुकानांत विचारून आकडे मागेपुढे करा, पण भिंतीचं पाकीट फोडू नका. मिस्टरांना पॅनेलचा मोह पुन्हा झाला तर तेच पाकीट पहिलं फुटतं.

क्रमही महत्त्वाचा. या रविवारी खिडकीची पट्टी, फॉइल आणि सोसायटीचा अर्ज. नंतर ट्रंक आणि साडी, कारण त्यांना हवामान लागत नाही. रंग पाऊस पूर्ण उघडल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, दिवाळीच्या किमान दहा दिवस आधी संपेल असा. उरलेल्या रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट ठोकून त्यावर मार्करने शेड नंबर आणि तारीख लिहा आणि डबा माळ्यावर ठेवा. फेब्रुवारीत फॉइल पुन्हा लावून बघा. भिंतीकडची बाजू दोन दिवसांनी कोरडी निघाली तर गवंड्याला बोलवा, ओली निघाली तर आधी सेक्रेटरींना.